‘स्मृतिचित्रे’वर निबंध लिहिला, सर म्हणतात आधार नाही. मग आधार म्हणजे नक्की काय?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. टीवायबीएच्या असाइनमेंटसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर दीड हजार शब्दांचा निबंध लिहिलास, पुस्तक खरोखर पूर्ण वाचून लिहिलास, आणि सरांनी वरती ‘कथन आहे, आधार नाही’ एवढाच शेरा मारून परत दिला. तुझं म्हणणं असं की सगळे प्रसंग पुस्तकातलेच आहेत, एकही मनचा नाही, मग याहून वेगळा आधार तो कुठला आणायचा?

मी बावीस वर्षं डिग्री कॉलेजला मराठी शिकवते आणि हा शेरा मी स्वतः शेकडो वेळा लिहिलाय, त्यामुळे त्यामागे काय असतं ते सांगू शकते. शेरा तुटक आहे, सरांनी दोन ओळी जास्त लिहायला हव्या होत्या, पण चुकीचा नसावा असं वाटतं.

बघ, प्रसंग हा आपोआप आधार होत नाही. आधार कशाला तरी लागतो, आणि तुझ्या निबंधात ते ‘कशाला’च नाहीये. तू पाठवलेलं पहिलं वाक्य आहे ‘लक्ष्मीबाईंचे जीवन अत्यंत संघर्षमय होते’. हे कोण नाकारणार आहे? कोणीच नाही. ज्याला कोणी नाही म्हणणारच नाही त्याला पुरावा द्यायची गरजच पडत नाही, म्हणून मग पुढचे सगळे प्रसंग नुसते एकामागून एक येत राहतात, लग्न झालं, टिळक (म्हणजे लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक) न सांगता निघून गेले, परत आले, धर्मांतर झालं, असं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे तर मी पुस्तकातच वाचलंय आणि पुस्तकात जास्त छान आहे. आठवणींच्या पुस्तकावर लिहिताना हा धोका फार मोठा असतो कारण लेखिकाच इतकी गोष्टीवेल्हाळ आहे की आपण तिच्या पाठोपाठ वाहत जातो आणि आपल्याला काही म्हणायचं होतं हेच विसरतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे असं एक वाक्य शोध ज्यावर कोणीतरी ‘छे, मला नाही पटत’ म्हणू शकेल. होस्टेलवर असशील तर रूममेटला वाचून दाखव. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली तर वाक्य टाकून दे, ‘कशावरून?’ म्हणाली तर ठेव, कारण त्या ‘कशावरून’चं उत्तर म्हणजेच तुझा निबंध.

असं वाक्य मिळतं कुठे? माझा अनुभव असा की वाचताना जिथे आपल्याला काहीतरी खटकतं तिथे. मी याच पुस्तकाचं उदाहरण घेते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी स्वीकारला तो १९०० साली. मधली पाच वर्षं आहेत ना, ती बहुतेक निबंधांत एका ओळीत उरकतात, ‘पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही पतीच्या पावलावर पाऊल ठेवून’ वगैरे. आता पुस्तक उघड आणि बघ त्या पाच वर्षांवर त्यांनी किती पानं खर्च केलीत. एखादी बाई साठी उलटल्यावर मागे वळून लिहिताना इतक्या बारकाईने त्याच काळाकडे बघते, तर तो काळ ‘पावलावर पाऊल’ इतका सरळ नसणार. तिथून मला एक विधान सुचतं की लक्ष्मीबाईंचं धर्मांतर नवऱ्यामागून झालेलं नाही, त्यांची आधी जात सुटते आणि मग धर्म बदलतो, आणि ही दोन वेगळी पावलं आहेत. याच्यावर वाद घालता येतो म्हणजे याला आधार लागेल, म्हणजे निबंध होईल.

आता याच विधानाला आधार कसा उभा करायचा ते बघू, कारण खरी मजा इथे आहे.

एक आधार म्हणजे घटनांचा क्रम. टिळकांजवळ नगरला राहायला आल्यावरही सुरुवातीला त्या आपलं सोवळं सांभाळून राहतात, मग हळूहळू शिवाशिवीचा विचार मनातून जातो, आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर. हा क्रम तू पानांसकट दाखवलास की अर्धं काम झालं, कारण नुसतं नवऱ्यामागून जायचं असतं तर हे टप्पे पडले नसते.

दुसरा आधार जास्त सुंदर आहे आणि तो सहसा कोणी बघत नाही. पुस्तक सुरू कुठून होतं? टिळकांपासून नाही, लग्नापासूनही नाही. ते सुरू होतं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून, ज्याची सुरुवात त्या १८५७ च्या धामधुमीत घरावर आलेल्या आघाताशी नेऊन जोडतात. आठवणी लिहिणाऱ्याला सुरुवात कुठूनही करता येते, जन्मापासून करता येते, गावापासून करता येते. लक्ष्मीबाईंनी सोवळ्यापासून केली. म्हणजे जे पुढे गळून पडणार आहे ते त्यांनी पहिल्याच पानांत मांडून ठेवलंय. पुस्तकाची रचना हासुद्धा पुरावा असतो हे लक्षात ठेव, आधार म्हणजे फक्त अवतरणचिन्हातली वाक्यं असं समजू नकोस.

तिसरं म्हणजे विरुद्ध बाजू. या पुस्तकाचं जुनं इंग्रजी भाषांतर १९५० साली आलं, जोसेफिन इंकस्टर यांनी केलेलं, आणि त्याचं नाव आहे ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे साधारण ‘मी मागून येते’. तुझ्या विधानाच्या अगदी उलट! अशी गोष्ट सापडली की मुलं ती लपवतात. लपवू नकोस, उलट तिला निबंधात जागा दे, की भाषांतराच्या नावातून असं चित्र उभं राहतं पण मूळ पुस्तकातला क्रम वेगळं सांगतो. आणि इथेही घाई नको, कारण हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलमध्ये फिलिप्पैकरांस पत्रात येतात आणि तिथे अर्थ नवऱ्यामागून जाणं असा नाही, ध्येयाच्या मागे लागणं असा आहे. म्हणजे नावाचे दोन अर्थ लागतात आणि तू दोन्ही नोंदवून कुठला का पटतो ते सांगायचं. एवढं केलंस की तपासणारा खुर्चीत सरसावून बसतो, खरंच सांगते.

आणि जे आपल्या विरोधात जातं आणि खरंही आहे ते मान्य करून टाकायचं. टिळक ख्रिस्ती झाले नसते तर लक्ष्मीबाई झाल्या असत्या का? बहुधा नाही. त्या बातमीने त्या किती कोलमडून गेल्या होत्या ते पुस्तकात आहेच. तर लिही की सुरुवात टिळकांमुळे झाली पण शेवटाला त्या स्वतःच्या पायांनी पोचल्या. विधान थोडं लहान होतं पण पक्कं होतं.

आता आठवणींच्या पुस्तकाची जी खास गोष्ट आहे तिच्याकडे येते. कादंबरीवर लिहिताना आपण निवेदक आणि पात्र वेगळे धरतो, आठवणींत मात्र ‘मी’ म्हणजे ‘मी’ असं धरून चालतो. तसं नसतं गं, त्या ‘मी’मध्ये निदान दोन माणसं असतात. ‘स्मृतिचित्रे’त तर तीन म्हणावीत अशी आहेत, माहेरची मनू गोखले, मग टिळकांच्या घरातली लक्ष्मी, आणि हे सगळं सांगणारी लक्ष्मीबाई. टिळक गेले १९१९ साली. पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली. म्हणजे सांगणारी बाई साठी ओलांडलेली आहे, विधवा आहे, ख्रिस्ती आहे, मुलं मोठी झालीत, आणि ती सांगतेय एका विशीतल्या ब्राह्मण सुनेबद्दल जिला नवरा कधी घर सोडून जाईल याचा भरवसा नाही. तिने जे रडत सोसलं ते ही हसत सांगते. मुलं लिहितात ‘लक्ष्मीबाई संकटांना हसतमुखाने सामोऱ्या गेल्या’. कशावरून? हसतेय ती १९३४ ची बाई. त्या वेळची लक्ष्मी त्या वेळी हसली का हे प्रत्येक प्रसंगात वेगळं तपासावं लागेल, आणि बऱ्याच ठिकाणी लेखिकेनेच सांगितलंय की अजिबात हसली नव्हती. हा फरक ज्याला दिसला त्याचा निबंध बाकी गठ्ठ्यातून वेगळा निघतोच निघतो.

हे दोन ‘मी’ म्हणजे काय ते पटकन समजायला दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) डोळ्यांसमोर आण. तिथे लेखकाने ते उघड करूनच टाकलंय, दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत, एक जगलेला आणि एक शिकून पुढे गेलेला. बाकीच्या आत्मकथनांत ही फोड दिसत नाही पण असते, आपण शोधायची.

यातून एक साधी सवय लावून घे, क्रियापदांची. ‘टिळक रागावले’ असं न लिहिता ‘टिळक रागावल्याचं लक्ष्मीबाई सांगतात’, ‘त्यांना आठवतं’, ‘इथे त्या कारण देत नाहीत’ असं लिही. प्रत्येक वाक्यात नको, वाचवणार नाही, पण महत्त्वाच्या जागी हवंच, कारण आठवण म्हणजे पंचनामा नाही, चाळीस वर्षांनी सांगितलेली गोष्ट आहे, आणि तुझा निबंध त्या सांगण्याबद्दल आहे.

आता शब्दांकडे. आधाराचा सगळ्यात भरवशाचा साठा एकेका शब्दात असतो आणि तोच सगळे सोडून देतात. मी वर्गात नेहमी दोन पुस्तकं शेजारी ठेवते. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि ‘स्मृतिचित्रे’. दोन्ही विधवांनी लिहिलेली, दोघींचे नवरे महाराष्ट्रभर नाव असलेले. रमाबाई आपल्या नवऱ्याचा, न्यायमूर्ती रानड्यांचा, उल्लेख ‘स्वतः’ असा करतात, नाव न घेता. लक्ष्मीबाई सरळ ‘टिळक’ म्हणतात. बस, एवढ्या एका फरकावर तीन पानं लिहिता येतात. बघ, असा परिच्छेद मी लिहीन:

‘लक्ष्मीबाई आपल्या पतीचा उल्लेख पुस्तकभर “टिळक” असा करतात. नवऱ्याचं नाव न घेण्याच्या रीतीत हा मधला मार्ग वाटू शकतो, कारण आडनाव म्हणजे नाव नव्हे. पण रमाबाई रानडे यांच्या आठवणींशी तुलना केली की या निवडीचं वजन कळतं. रमाबाईंच्या “स्वतः” या शब्दात पती हा घराचा मध्य आहे, त्याच्याकडे बोट दाखवायचीही गरज नाही. “टिळक” म्हटल्यावर मात्र तो चारचौघांतला एक माणूस होतो, ज्याच्याकडे थोडं लांब उभं राहून बघता येतं, ज्याच्या विसराळूपणावर आणि तापटपणावर बोलता येतं. म्हणजे पतीवर टीका करण्याची मोकळीक लक्ष्मीबाईंना पुढच्या प्रसंगांत मिळत नाही, ती या संबोधनातच आधी मिळवलेली आहे.’

यात काय केलं बघ. एक बारीक गोष्ट दाखवली, तिचा सोपा अर्थ आधी मांडला, मग तो पुरेसा का नाही ते तुलनेने दाखवलं, आणि शेवटी त्यावरून काय निघतं ते म्हटलं. अवतरण किती? दोन शब्द! मुलं अर्धं पान उतारा उतरवतात आणि खाली ‘यावरून त्यांचा स्वभाव दिसून येतो’ असं लिहून मोकळी होतात. दिसून येत नाही, तुला दाखवावं लागतं. मी तर म्हणते कुठलाही उतारा तीन ओळींच्या वर गेला की थांब आणि विचार, यातल्या कुठल्या शब्दासाठी हा घेतलाय? तेवढाच ठेव, बाकीचं तुझ्या वाक्यात गुंफ. आणि ‘यावरून दिसून येते’ हे शब्द निबंधात जितक्या वेळा आलेत तितक्या जागी पेन्सिलने गोल कर, त्या प्रत्येक जागी तुझं दोन वाक्यांचं काम राहिलंय असं समज.

आवृत्तीबद्दल जरा थांबून सांगायचंय कारण इथे मी स्वतः जोरात आपटले होते. एमएला असताना मी सेमिनारमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने मांडलं होतं की एका विशिष्ट गोष्टीबद्दल लेखिका गप्प आहे आणि हे मौन फार बोलकं आहे. मॅडमनी शांतपणे विचारलं, कुठली प्रत वाचलीस? लायब्ररीतली हाताशी आली ती, संक्षिप्त होती. संपूर्ण आवृत्तीत त्या विषयावर चांगली दोन पानं होती. माझं ‘बोलकं मौन’ म्हणजे संपादकाची कात्री होती. त्या दिवसानंतर मी पुस्तकाचं पहिलं पान वाचल्याशिवाय पुढे जात नाही. ‘स्मृतिचित्रे’च्या बाबतीत तर हे फारच लागू आहे, कारण ते चार भागांत आलं, लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या आणि चौथा भाग त्यांच्या पश्चात आला, त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी संक्षिप्त आवृत्ती केली, आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टिपा वगैरे देऊन संपूर्ण पुस्तक संपादित केलं. तेव्हा निबंधाच्या सुरुवातीलाच कुठली आवृत्ती वापरली ते लिही आणि पानांचे आकडे त्याच आवृत्तीचे दे. आणि ‘लेखिका याबद्दल काहीच म्हणत नाही’ हे वाक्य लिहायचं असेल तर संपूर्ण आवृत्ती हातात असल्याशिवाय लिहूच नकोस. मौनावर लिहिणं फार मोहाचं असतं आणि फार निसरडंही.

बाहेरचे संदर्भ किती घ्यायचे हाही प्रश्न येतोच. तुझ्या निबंधात दीड पान ‘एकोणिसाव्या शतकातील समाजस्थिती’ आहे असं म्हणालीस, ते बहुतेक सगळं काढ. संदर्भ कामापुरता घ्यायचा. म्हणजे समज, टिळकांच्या धर्मांतराने घरात आणि नातेवाइकांत एवढा हलकल्लोळ का झाला हे सांगायचंय. तर पंडिता रमाबाई (या वेगळ्या, रानड्यांच्या रमाबाई नव्हेत) १८८३ साली ख्रिस्ती झाल्या होत्या, १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, आणि तिथल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय या आरोपावरून १८९३ च्या सुमाराला पुण्यात वादळ उठलं होतं, त्यानंतर दोनच वर्षांत एक चित्पावन कवी ख्रिस्ती होतो. तीन साली, एक वाक्य, आणि लगेच परत पुस्तकात. सतीबंदीपासून सुरुवात करायची गरज नाही. संदर्भ दिल्यावर पुढचंच वाक्य लक्ष्मीबाईंबद्दल नसेल तर तो संदर्भ भरताड आहे असं बिनधास्त समजावं.

सन तपासायला इंटरनेट चालेल, पण दोन ठिकाणी बघ, कारण सनावळीत खूप गोंधळ असतो. पण मत मात्र इंटरनेटवरून किंवा गाइडमधून उचलू नकोस. ‘मराठी आत्मचरित्रातील मैलाचा दगड’ हे वाक्य मी एका गठ्ठ्यात अकरा वेळा वाचलंय, अकरांपैकी एकानेही सांगितलं नाही की कुठला रस्ता आणि किती मैल.

कामाची पद्धत विचारली होतीस तर माझी अगदी साधी आहे. पहिलं वाचन पेन्सिल न घेता, नुसतं आवडीने. मग दोन दिवस जाऊ दे आणि न बघता लिही की काय काय आठवतंय, जे आठवतं ते बहुतेक तुझ्या निबंधाचं बी असतं. विधान ठरलं की दुसरं वाचन फक्त त्या विधानासाठी, आणि तेव्हा वहीत चार रकाने पाड, पान, काय घडलं, कुठले नेमके शब्द, आणि सांगणारी बाई त्या प्रसंगाकडे आज कशी बघते. चौथा रकाना कंटाळा करू नकोस, सगळा निबंध त्यातूनच निघतो. वीसेक नोंदी झाल्या की त्यातल्या सहा-सातच घे. दीड हजार शब्दांत सहा नोंदींना नीट न्याय देता आला तरी खूप झालं, वीस कोंबल्यास की परत कथन होणार. आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही, तोपर्यंत तुला काय म्हणायचंय ते तुलाच नीट कळलेलं नसतं.

प्रसंगांचा क्रम पुस्तकातलाच ठेवायचा असं बंधन नाही हेही सांगून ठेवते, कारण कथनात घसरायचं मुख्य कारण तेच असतं. वडिलांच्या सोवळ्याचा परिच्छेद तू शेवटी आणू शकतेस, बाप्तिस्म्यानंतर, आणि तिथे तो जास्त जोरात लागेल.

सगळं झालं की देण्याआधी एक संध्याकाळ फक्त अवतरणांसाठी ठेव. पुस्तक उघडून एकेक शब्द, एकेक काना-मात्रा जुळवून बघ. लक्ष्मीबाईंची भाषा बोलण्यातली आहे, वाक्यं छोटी आहेत, काही शब्द आज आपल्याला वेगळे किंवा ‘अशुद्ध’ वाटतील आणि टाइप करताना बोटं आपोआप ते प्रमाणभाषेत फिरवतात, मोबाइलचा कीबोर्ड तर हमखास फिरवतो. त्यांचे शब्द सुधारू नकोस. त्या बाईला लिहावाचायला टिळकांनी लग्नानंतर शिकवलं, आणि त्यावर तिने जी मराठी उभी केली ती जशीच्या तशी यायला हवी.